सेसिल सिंह आणि चारचौघांत व्यक्त होणारा संताप

जुलै २०१५. झिम्बाब्वेच्या ह्वांगे नॅशनल पार्कच्या हद्दीबाहेर एका अमेरिकन डेंटिस्टने बाण मारून एका सिंहाला जखमी केलं आणि काही तासांनी त्याला मारलं. सिंहाचं नाव सेसिल, वय साधारण १३, गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी घातलेली जीपीएस कॉलर आणि टुरिस्टांचा एकदम लाडका. महिनाअखेरीस शिकाऱ्याचं नाव बाहेर आलं आणि मग जगभरातून लोक तुटून पडले. मिनेसोटातल्या त्याच्या दवाखान्याच्या दाराशी खेळण्यातल्या सिंह-माकडांचा ढीग लागला, बाहेर निदर्शनं झाली, फ्लोरिडातल्या त्याच्या घराच्या गॅरेजवर 'सिंहाचा खुनी' असं कुणीतरी स्प्रेने रंगवून गेलं, आणि ज्यांनी त्या खुर्चीत कधी तोंड उघडलं नव्हतं अशा हजारो लोकांनी दवाखान्याला ऑनलाइन एक स्टार दिला.

हे बघून 'सगळी नाटकं आहेत' म्हणून मोकळं होणारे खूप भेटतात. मला ते अजिबात पटत नाही, कारण संशोधन काहीतरी वेगळंच सांगतं.

२०१६ साली येल विद्यापीठाच्या जिलियन जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. पैशांचा खेळ होता. एकजण स्वार्थीपणा करतो, दुसऱ्याचं त्यात काहीच नुकसान नाही तरी तो पदरचे पैसे घालून त्या स्वार्थ्याला शिक्षा देऊ शकतो, आणि तिसरा हे बघून ठरवतो की या दुसऱ्यावर किती पैशांचा विश्वास टाकायचा. शिक्षा देणाऱ्यांवर लोकांनी जास्त विश्वास टाकला, आणि महत्त्वाचं म्हणजे ते लोक खरंच जास्त विश्वासू निघाले. म्हणजे परक्याच्या चुकीवर चिडणं हे 'मी असा नाही' हे इतरांना कळवायचं एक साधन आहे. पण त्याच दुसऱ्या माणसाला थेट कुणाला मदत करायची संधीही दिली, तर शिक्षा देण्याचं प्रमाण कमी झालं आणि शिक्षा दिली म्हणून मिळणारा विश्वासही उतरला. चांगुलपणा दाखवायला दुसरी वाट मिळाली की राग कमी लागतो!

मग बघणारं कुणीच नसताना आपण चिडतो ते का? जॉर्डन आणि डेव्हिड रँड यांनी २०२० मध्ये नेमकं हेच तपासलं, सगळं निनावी ठेवून. तरीही ज्यांना आपल्यातले पैसे दुसऱ्याला देऊन चांगुलपणा दाखवायची संधी नव्हती ते जास्त चिडले. चारचौघांत राहून लागलेली ही सवय एकट्यातही सुटत नाही, त्यामुळे चिडणारा माणूस ठरवून ढोंग करतोय असं म्हणता येत नाही, त्याला राग मनापासूनच येत असतो.

गडबड होते ती पुढे. येलच्याच विल्यम ब्रेडी, मॉली क्रॉकेट वगैरेंनी २०२१ मध्ये ७,३३१ लोकांची १ कोटी २७ लाख ट्विट्स तपासली. ज्यांच्या संतापाला लाइक आणि रीट्विट जास्त मिळाले ते पुढे आणखी संताप व्यक्त करत गेले, आणि या शाबासकीचा असर जास्त कुणावर झाला तर ज्यांची मित्रमंडळी राजकीयदृष्ट्या मवाळ होती त्यांच्यावर, कारण कडव्यांचा आवाज आधीच टिपेला असतो. मला यातलं सगळ्यात काळजीचं हेच वाटतं, की समंजस माणूसच यात हळूहळू घडवला जातो आणि त्याला पत्ताही लागत नाही.

आणि उलटा परिणामही आहेच. सावाओका आणि मोनिन यांनी २०१८ मध्ये दाखवलं की एकट्यादुकट्याने झापलं तर लोकांना ते योग्य वाटतं, पण तेच शब्द मोठ्या गर्दीचा भाग झाले की ती दादागिरी वाटायला लागते, आणि सहानुभूती चूक करणाऱ्याकडे वळते.

सेसिलच्या रागातून काहीच निघालं नाही असंही नाही हं. मोठ्या अमेरिकन विमान कंपन्यांनी शिकारीच्या ट्रॉफी (म्हणजे मारलेल्या प्राण्याचं मुंडकं, कातडं वगैरे) न्यायचं बंद केलं, ऑक्सफर्डच्या त्या गटाला सुमारे १० लाख डॉलरच्या देणग्या मिळाल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये अमेरिकेने सिंहांना कायद्याचं संरक्षण जाहीर केलं (ते काम अर्थात आधीपासून चालू होतं). डेंटिस्टवर मात्र कसलाच खटला नाही, कारण कागदपत्रं नियमात बसत होती असं झिम्बाब्वे सरकारने ऑक्टोबरमध्येच सांगून टाकलं. ज्या नियमांत हे बसलं त्यांच्याबद्दल ओरडणारे त्या मानाने थोडेच होते, कारण नियमाला ना चेहरा ना दवाखाना.

जुलै २०१७ मध्ये सेसिलचा ६ वर्षांचा मुलगा झांडा पण ह्वांगेजवळच ट्रॉफीसाठी मारला गेला, गळ्यात कॉलर त्याच्याही होती. पैसे भरून आलेल्या शिकाऱ्याचं नाव मात्र तेव्हा जाहीर झालं नाही. बातम्या आल्या, लोक हळहळले, पण दोन वर्षांपूर्वीसारखी लाट काही आली नाही, आणि पार्कच्या कडेने ५ किलोमीटरचा पट्टा शिकारमुक्त ठेवा ही संशोधकांची साधी मागणी बातमीच्या शेवटच्या ओळीत राहून गेली.