आर्क्टिकचा बर्फ : नकाशावर किती, पायाखाली किती

आर्क्टिक महासागरावर तरंगणारा सगळाच्या सगळा बर्फ उद्या वितळला, तरी जगाच्या समुद्राची पातळी फार तर एखाद-दोन मिलिमीटरनं वाढेल. पातळी खरी वाढवतो तो ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकाच्या जमिनीवरचा बर्फ. तरंगता बर्फ आपल्या वजनाइतकं पाणी आधीच बाजूला सारून बसलेला असतो.

हे नाशिकच्या कुठल्याही स्वयंपाकघरात तपासता येतं. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. समुद्राचा खारटपणा साधारण इतकाच असतो. दोन सारखे उंच काचेचे ग्लास घ्या, एकात साधं पाणी भरा, दुसऱ्यात खारं. दोन्ही पाणी खोलीच्या तापमानाचं हवं. दोन्हींत साधारण शंभर-शंभर ग्रॅम बर्फ सोडा आणि लगेच पातळीची खूण करा. खडे तळाला टेकले तर प्रयोग बिघडतो, कारण मग बर्फ पूर्ण तरंगत नाही. खूण काचेवर चालणाऱ्या बारीक मार्करनं करा; ग्लासाला बाहेरून घाम सुटतो आणि कागदी पट्टी भिजून निघते. बर्फ वितळल्यावर साध्या पाण्याची पातळी खुणेवरच सापडेल. खाऱ्या ग्लासात ती जेमतेम अर्धा मिलिमीटर वर सरकलेली दिसेल. शंभर ग्रॅम बर्फ सुमारे ९८ मिलिलिटर खारं पाणी बाजूला सारतो आणि वितळून १०० मिलिलिटर गोडं पाणी देतो. फरक काय तो तेवढाच.

पातळीपेक्षा मोलाची गोष्ट याच प्रयोगात वेगळी दिसते. खाऱ्या ग्लासातला बर्फ जास्त वेळ टिकतो. वितळलेलं गोडं पाणी हलकं असल्यानं वरच थांबतं आणि बर्फाभोवती थंड थर धरतं. खाण्याच्या रंगाचा एक थेंब टाकला की हा थर स्पष्ट दिसतो. आर्क्टिकमध्ये नेमकं हेच घडतं. वर कमी खारट, गोठणबिंदूजवळचं पाणी, आणि दीड-दोनशे मीटरखाली अटलांटिकमधून आलेलं शून्य अंशाच्या वरचं, जड खारं पाणी. मधला थर शाबूत आहे तोवर खालची उष्णता बर्फापर्यंत पोचत नाही. रशियाच्या उत्तरेकडच्या बॅरेंट्स आणि कारा समुद्रांत हा थर कमकुवत होत चालला आहे, त्यामुळे तिथे बर्फाला खालूनही आच लागते.

आता मोजणीकडे. १९७९पासून उपग्रह सूक्ष्मलहरींनी बर्फाचं क्षेत्र मोजत आहेत. या लहरी ढगांतून आणि ध्रुवीय रात्रीतही काम करतात. समुद्राचे साधारण पंचवीस किलोमीटरचे चौकोन पाडतात, आणि ज्या चौकोनात किमान १५ टक्के बर्फ आहे तो अख्खा मोजणीत धरतात. हा आकडा पंधराच का, यावर वाद घालत बसण्यात अर्थ नाही. गोदेचा पूर काठावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागला की छातीला, हे पाहून नाशिककर अंदाज बांधतात. खूण बदलली नाही की वर्षावर्षांची तुलना होते. १९८०च्या आसपास सप्टेंबरमध्ये सुमारे ७० लाख चौरस किलोमीटर बर्फ उरायचा. सप्टेंबर २०१२मध्ये तो ३४ लाखांवर आला.

हा नीचांक २०२५पर्यंत मोडला नाही, म्हणून वितळणं थांबलं, असे संदेश व्हॉट्सॲपवर हमखास फिरतात. पण क्षेत्रफळ जाडी सांगत नाही. एका हिवाळ्यात बर्फ दीड-दोन मीटर जाड होतो. अनेक उन्हाळे काढलेला तीन-चार मीटर. चार वर्षांहून जुना बर्फ १९८०च्या दशकाच्या मानानं सुमारे ९५ टक्के घटला आहे. नकाशावर दोन्हींचा रंग पांढराच.

जाडी आकाशातून मोजणं किचकट. २०१०मध्ये सोडलेला क्रायोसॅट-२ हा उपग्रह बर्फ पाण्याच्या किती वर आहे ते रडारनं पाहतो. वर असतो जेमतेम दहावा हिस्सा, म्हणून तीन सेंटिमीटरची चूक जाडीत तीस सेंटिमीटरची होते. त्यात वर साचलेला हिम, म्हणजे आकाशातून पडलेला भुसभुशीत बर्फ, खालच्या बर्फाला दाबून खाली नेतो. किती हिम आहे हे ठाऊक नसेल तर हिशेब तिथेच फसतो.

ज्यांना त्या बर्फावरून शिकारीला जायचंय, त्यांना असली चूक परवडत नाही. आर्क्टिकमधले मूळ रहिवासी असलेले इनुइट शिकारी लोखंडी टोकाच्या काठीनं पुढचा बर्फ ठोकत जातात; एका घावात आरपार गेली तर तिथे पाऊल टाकत नाहीत. धोका दोन ठिकाणी जास्त. सामुद्रधुनीच्या चिंचोळ्या भागात प्रवाह बर्फाला खालून खातो. आणि जाड हिमाखाली ऊब राहते, त्यामुळे बर्फ वाढतच नाही, वरून मात्र भक्कम दिसतो. कॅनडातल्या ‘स्मार्टआइस’ प्रकल्पात स्थानिक लोक स्नोमोबाइलमागे ओढायच्या घसरगाडीवर विद्युतचुंबकीय संवेदक बसवतात. खारं पाणी वीज वाहतं, बर्फ जवळजवळ नाही, त्यामुळे पाणी किती खाली आहे ते कळतं. मात्र हे माप बर्फ अधिक हिम असं येतं. हिम वेगळं मोजून वजा करावं लागतं. काही ठिकाणी बर्फात तापमापकांची माळ उभी सोडतात. हवा, हिम, बर्फ आणि पाणी यांत तापमान वेगवेगळ्या गतीनं बदलतं, त्यावरून जाडी काढतात.

यंत्रानं सगळं भागत नाही. अलास्कातल्या शिशमारेफ गावापुढचा किनारा बर्फ उशिरा धरतो, म्हणून शरद ऋतूतल्या वादळांच्या लाटा थेट जमिनीला भिडतात. गावानं २०१६मध्ये स्थलांतराच्या बाजूनं मत दिलं. पैशाअभावी ते अजून तिथेच आहे.

भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र २००८पासून नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आहे आणि ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची वेधशाळा २०१४मध्ये तिथल्या फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाडीत, १९२ मीटरवर बसवली. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये दाखवलं, की कारा समुद्रात उन्हाळी बर्फ कमी असला की मध्य भारतात सप्टेंबरच्या अतिवृष्टीची शक्यता वाढते. बर्फ नसलेला समुद्र वरच्या हवेला उष्णता देतो, त्यातून वायव्य युरोपावर उंचावर जास्त दाबाचं क्षेत्र तयार होतं, तिथून वाऱ्यांची लाट आशियाकडे सरकते आणि तापलेला अरबी समुद्र बाष्प पुरवतो.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे गोडी छाटणीचा, फळासाठी वेल छाटण्याचा काळ. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीला पेस्ट लावल्यावर लगेच पाऊस आला तर ती धुऊन जाते, डोळे मागे-पुढे फुटतात. पोंगा अवस्थेत, म्हणजे कोंब नुकते फुटताना, पानं ओली राहिली की डावणी हा बुरशीचा रोग येतो, घड निघताना ढगाळ हवा टिकली की घड जिरतात, म्हणजे न वाढता नाहीसे होतात. कारा समुद्राशी असलेला हा संबंध अनेक वर्षांच्या आकडेवारीतला कल आहे. त्यावरून यंदाच्या २० सप्टेंबरला दिंडोरीत काय होईल ते कळत नाही. बागेच्या तारखेसाठी हवामान खात्याचा जिल्ह्याचा पाच दिवसांचा अंदाजच पाहायचा, आणि मोठी बाग असेल तर सगळे प्लॉट एका आठवड्यात छाटायचे नाहीत.