बार्मेन घोषणापत्र

जर्मनीतील प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी (चर्चनी) नाझी राजवटीत मंजूर केलेला सहा कलमांचा विश्वासविषयक मसुदा. वुपरटाल शहराच्या बार्मेन भागातील गेमार्के चर्चमध्ये २९ ते ३१ मे १९३४ या दिवसांत सिनड (मंडळ्यांच्या प्रतिनिधींची सभा) भरली. लूथरन (मार्टिन लूथरच्या), रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या) आणि या दोहोंच्या संयुक्त परंपरांच्या प्रतिनिधींनी तीत तो एकमताने स्वीकारला. हिटलरविरोधी जाहीरनामा अशी त्याची ओळख करून दिली जाते, पण ती सैल आहे. मसुद्यात हिटलरचे नाव नाही आणि काही प्रतिनिधी तर नाझी पक्षाचे सदस्य होते. भांडण होते ते मंडळीत शेवटचा शब्द कोणाचा, यावर.

जुलै १९३३च्या चर्च निवडणुकांत ‘जर्मन ख्रिस्ती’ या नाझीधार्जिण्या गटाने बहुमत मिळवले. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या सिनडने ज्यू वंशाच्या पाळकांना (चर्चच्या धर्मोपदेशकांना) पदावरून दूर करण्याचा नियम केला. त्याच महिन्यात बर्लिनचे पाळक मार्टिन नीमोलर यांनी त्याविरुद्ध पाळकांचा आणीबाणी संघ उभारला. नोव्हेंबरमध्ये बर्लिनच्या श्पोर्टपालास्टमधील सभेत एका वक्त्याने बायबलमधला जुना करारच काढून टाकावा, अशी मागणी केली. त्यानंतर कुंपणावर बसलेले अनेक जण विरोधकांच्या बाजूला उतरले.

मसुदा धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्ट, हान्स आस्मुसेन आणि थोमास ब्राइट या तिघांकडे सोपवला होता. मुख्य लेखणी बार्ट यांची. फ्रँकफर्टमध्ये लूथरन सहकारी दुपारी झोपले असताना आपण कडक कॉफी आणि ब्राझिलियन सिगारच्या जोरावर मजकूर लिहिला, असे ते पुढे मिश्कीलपणे सांगत.

प्रत्येक कलमाची घडण सारखी आहे : आधी शास्त्रवचन, मग कबुली, शेवटी ‘ही खोटी शिकवण आम्ही नाकारतो’ असा नकार. हा तिसरा भाग गाळला तर कलम कोणालाही मान्य होण्याइतके गुळमुळीत होते, जर्मन ख्रिस्तींनासुद्धा. पहिले कलम येशू ख्रिस्ताखेरीज दुसरी कोणतीही घटना, सत्ता किंवा व्यक्ती देवाचे प्रकटीकरण मानायला नकार देते. पाचव्या कलमाचे वचन पेत्राच्या पहिल्या पत्रातले आहे : भय देवाचे धरायचे, राजाला मान द्यायचा. न्याय आणि शांतता राखण्यासाठी राज्याने बळ वापरावे, हे ते मान्य करते. पण राज्याने माणसाच्या जीवनाची एकमेव व सर्वव्यापी व्यवस्था बनणे नाकारते. लगेच दुसरा नकार मंडळीलाच उद्देशून आहे : तिनेही राज्याचा थाट आणि कामे अंगावर घेऊन सरकारी खाते बनू नये.

ठराव अंमलात आणण्याची वाट ऑक्टोबर १९३४मधील डालेम सिनडने आखली. अधिकृत चर्च-शासनाचे आदेश पाळायचे नाहीत, कारभार बंधुमंडळांनी (विरोधी गटाच्या समित्यांनी) चालवायचा, उमेदवारांचे शिक्षण, परीक्षा आणि दीक्षाही (पाळकपदाची नेमणूक) त्यांनीच सांभाळायची. अशी दीक्षा घेतलेले तरुण ‘बेकायदा’ ठरत. त्यांना नियमित पद आणि पगार मिळत नसे. मार्च १९३५मध्ये व्यासपीठावरून वाचायच्या एका निवेदनावरून प्रशियात सुमारे ७०० पाळकांना अटक झाली. धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांची फिंकेनवाल्डे येथील पाळक-शाळा १९३७मध्ये गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) बंद केली.

मर्यादा मोठी आहे : सहाही कलमांत ज्यूंविषयी एक शब्द नाही. एकमत टिकवायचे तर तो विषय टाळणे सोयीचे होते. आपण हा प्रश्न निर्णायक केला नाही, याचा दोष बार्ट यांनी १९६७मध्ये स्वतःकडे घेतला. दक्षिण आफ्रिकेतील बेलहार विश्वासांगीकाराने (मसुदा १९८२, स्वीकार १९८६) नकाराची हीच घडण घेतली, पण वंशभेदावर थेट बोट ठेवले.

शपथेच्या बाबतीत घोषणापत्राचा कस लागला. हिटलरशी बिनशर्त निष्ठेची शपथ नाकारल्यामुळे बार्ट यांची बॉनमधील प्राध्यापकी गेली आणि १९३५मध्ये ते स्वित्झर्लंडमधील बाझेलला गेले. एप्रिल १९३८मध्ये पाळकांकडून हीच शपथ मागण्यात आली, तेव्हा बहुसंख्यांनी ती घेतली. त्यानंतर नाझी पक्षाचे वरिष्ठ अधिकारी मार्टिन बोरमान यांचे परिपत्रक उघड झाले. त्यात म्हटले होते की या शपथेला पक्ष आणि राज्य काहीच महत्त्व देत नाहीत.