पार्श्वभूमी : ‘पुन्हा गुन्हा केला’ म्हणजे नेमके काय केले?

देशभरातल्या फौजदारी खटल्यांची आकडेवारी दरवर्षी छापायला फ्रान्सने सुरुवात केली. १८२५ सालचे आकडे १८२७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांवर काम करणाऱ्या एका बेल्जियन गणितज्ञाला मेख लगेच कळली होती : हे न्यायालयापर्यंत पोचलेले गुन्हे आहेत, घडलेले सगळे नव्हेत. पण या दोहोंचे गुणोत्तर वर्षानुवर्षे साधारण सारखेच राहते असे धरून तो पुढे गेला. हे गृहीतक पडताळायची सोय फार उशिरा झाली. १९६० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी जाऊन ‘तुमच्या बाबतीत गुन्हा घडला का, तुम्ही तो पोलिसांना कळवला का’ असे विचारले गेले, तेव्हा न कळवलेल्या गुन्ह्यांचा ढीग समोर आला. १९७३ पासून ही पाहणी नियमित होते आहे.

खरी उलथापालथ झाली ती प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाल्यावर. १९७२-७३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत पोलीस गस्तीचे पंधरा विभाग निवडले. पाच विभागांत नेहमीची फेरी बंद केली, पाचांत ती दुप्पट-तिप्पट केली, उरलेल्या पाचांत होती तशी ठेवली. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत लक्षणीय फरक दिसला नाही.

दशकभराने मिनिआपोलिसमध्ये झालेला प्रयोग मला याहून मोलाचा वाटतो, कारण मोजमापाचा प्रश्न त्यात उघडा पडला. घरगुती मारहाणीच्या किरकोळ प्रकरणात पोलिसांनी काय करावे, हे तिथे नशिबावर सोडले होते. शिपायाच्या हाती तीन रंगांच्या अर्जांचे पॅड असे आणि रंगांचा क्रम आधीच यादृच्छिक ठरवलेला असे. वर येईल त्या रंगाप्रमाणे मारणाऱ्याला अटक करायची, काही तासांसाठी घराबाहेर काढायचे, किंवा दोघांना समजावून परतायचे. सगळ्यांनी हा क्रम पाळला नाही. अटकेचा रंग आला की बहुतेकदा अटक झाली, पण बाकीच्या दोन रंगांत बरीच प्रकरणे ऐनवेळी बदलली गेली. म्हणून मूळ वाटपाप्रमाणे विश्लेषण करायचे की प्रत्यक्ष घडले त्याप्रमाणे, हा पेच तिथे आला.

प्रकरणे ३१४. सहा महिन्यांत पोलीस नोंदींप्रमाणे पुन्हा मारहाण झाली ती अटकेच्या गटात १० टक्के, समजावण्याच्या गटात १९ आणि घराबाहेर काढण्याच्या गटात २४ टक्के. मारहाण झालेल्या व्यक्तींना विचारले तेव्हा आकडे याच क्रमाने १९, ३७ आणि ३३ आले. अटकेचा गट दोन्हीकडे सरस ठरला, पण सर्वांत वाईट उपाय कोणता याचे उत्तर उलटले. शिवाय शेवटपर्यंत मुलाखती देणारे निम्म्याच्या आसपासच होते. एवढ्या पायावर अनेक राज्यांनी पुढच्या काही वर्षांत अशा प्रकरणी अटक सक्तीची केली. ही घाई झाली असे माझे स्पष्ट मत आहे. इतर शहरांत प्रयोग पुन्हा झाले तेव्हा निकाल एकमेकांशी जुळले नाहीत, आणि मिलवॉकीत तर बेरोजगार पुरुषांची हिंसा अटकेनंतर वाढलेली दिसली.

इथून ‘पुनरपराध’ या शब्दाकडे यावे लागते. ऐकायला सरळ, मोजायला महाकठीण. अमेरिकेत १९९४ मध्ये पंधरा राज्यांतून सुटलेल्या कैद्यांचा तीन वर्षे माग काढला, त्यातून एकाच गटाबद्दल चार उत्तरे निघाली. पुन्हा अटक झालेले ६७.५ टक्के. पुन्हा दोषी ठरलेले ४६.९ टक्के. नव्या गुन्ह्यासाठी पुन्हा कारावास झालेले २५.४ टक्के. आणि कोणत्याही कारणाने पुन्हा तुरुंगात गेलेले ५१.८ टक्के, कारण सुटकेच्या अटी मोडल्या तरी परत आत जावे लागते. नेमून दिलेल्या तारखेला हजेरी चुकवणारा आणि दरोडा घालणारा या शेवटच्या आकड्यात शेजारी बसतात. ‘तीनातले दोन पुन्हा गुन्हा करतात’ असेही लिहिता येते आणि ‘चारातला एकच’ असेही. दोन्हींच्या मागे आकडा आहे, पण बातमीत बहुतेक वेळा पहिलेच वाक्य येते.

मुदतीचाही तोच घोळ. २००५ मध्ये सुटलेल्यांपैकी पुन्हा अटक झालेले तीन वर्षांत ६७.८ टक्के, पाच वर्षांत ७६.६ टक्के आणि नऊ वर्षांत सुमारे ८३ टक्के. मुदत न सांगता दोन कार्यक्रमांची तुलना करणारा अहवाल वाचू नये.

याहून कमी बोलला जाणारा मुद्दा निवडीचा आहे. तुरुंगाच्या फाटकावर उभे राहून एका वर्षात बाहेर पडणाऱ्यांची यादी करा. जो वारंवार आत-बाहेर करतो तो अशा यादीत सापडण्याची शक्यता जास्त. एकदाच शिक्षा भोगून कायमचा घरी गेलेला माणूस फक्त त्याच्या सुटकेच्या वर्षी सापडतो. हा झुकाव दुरुस्त करून २०१४ मध्ये पुन्हा हिशोब मांडला, तेव्हा सुटलेल्यांपैकी साधारण तीनातले दोन परत तुरुंगात गेलेच नाहीत असे दिसले.

२०१६ मध्ये हा गुंता संगणकात शिरला. फ्लोरिडातल्या एका काउंटीत (जिल्ह्यात) धोका-गुणांकन प्रणाली, म्हणजे आरोपी पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती याला गुण देणारी संगणकीय पद्धत, तपासली गेली. दोन वर्षांत पुन्हा पोलिसांच्या हाती न सापडलेल्यांपैकी ४४.९ टक्के कृष्णवर्णीयांना आणि २३.५ टक्के गोऱ्यांना तिने आधी जास्त धोक्याचे ठरवले होते. बनवणाऱ्यांचे उत्तर होते, की जास्त धोक्याचे ठरलेल्यांत पुन्हा सापडण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखे आहे. दोघांचेही गणित बरोबर होते. पुन्हा सापडण्याचे मूळ प्रमाण दोन गटांत वेगळे असेल तर दोन्ही प्रकारची समानता एकाच वेळी साधत नाही, हे गणितज्ञांनी लवकरच दाखवून दिले. वाद तिथेच घुटमळत राहिला. ते मूळ प्रमाण मात्र घडलेल्या गुन्ह्यांचे नव्हते, अटक होऊन नोंदल्या गेलेल्या गुन्ह्यांचे होते, आणि ज्या वस्तीत पोलिसांचा वावर जास्त तिथे तेवढ्याच वागणुकीला अटकाही जास्त होतात.