बाळाच्या उत्तराला जागा

रंकाळ्याच्या काठावर दोन वर्षांची पोर पाण्याकडं बोट करून ओरडते, "कावळा आली!" आई म्हणते, "कावळा न्हाई गं, बगळा आला त्यो." पक्ष्याचं नाव आईनं मुद्दाम सुधारलं. 'आली'चं 'आला'ही झालं, पण ते बोलण्याच्या ओघात, चूक दाखवण्यासाठी नव्हे. रॉजर ब्राऊन आणि कॅमिल हॅनलन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७० साली हेच नोंदवलं होतं. मूल व्याकरणात चुकलं तर आईबाप सहसा टोकत नाहीत, माहिती चुकली तर मात्र टोकतात. तरीही मुलं व्याकरण शिकतात. स्वतः जे सांगू पाहिलं, तेच लगोलग मोठ्यांच्या तोंडून नीट ऐकायला मिळतं, याचा त्यात हातभार लागतो असं बरेच अभ्यासक मानतात.

घरात जे रूप कानावर पडतं तेच मूल उचलतं. आपल्याकडं कोल्हापुरात कितीतरी बायका स्वतःबद्दल "मी जातो", "मी आलो" असं म्हणतात, त्यांच्या मुलीही तसंच बोलतात. पाहुण्यांना ते चुकल्यासारखं वाटतं आणि चारचौघांत मुलीला दुरुस्त केलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. त्या मुलीनं आईचं व्याकरण अगदी अचूक उचललेलं असतं.

ही देवाणघेवाण शब्दांच्या खूप आधी सुरू होते. तीन महिन्यांचं बाळ "अग्गूऽ" करतं. मांडीवर घेतलेली आजी म्हणते, "व्हय? मग पुढं काय झालं?" आणि थांबते. बाळ पुन्हा आवाज काढतं. या थांबण्याला आणि वेळेवर दाद देण्याला किती मोल आहे, ते मायकेल गोल्डस्टीन आणि सहकाऱ्यांच्या २००३ सालच्या एका प्रयोगात दिसलं. आठ महिन्यांच्या बाळांच्या काही आयांना सांगितलं होतं, की बाळानं आवाज काढला की लगेच हसा, जवळ जा, हात लावा. दुसऱ्या गटातल्या आयांनीही तेवढंच हसायचं, तेवढंच जवळ जायचं होतं, पण संशोधक सांगतील तेव्हा. बाळाच्या आवाजाशी त्याचा मेळ नव्हता. पहिल्या गटातल्या बाळांचे आवाज त्या थोड्या वेळातच बोलण्याच्या जास्त जवळ गेले. माया दोन्हीकडं सारखीच होती, फरक पडला तो वेळ साधल्यामुळं.

मोठ्या माणसांत प्रश्न संपल्यावर उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. २००९ मध्ये दहा भाषांची तुलना झाली, तेव्हा हे समोर आलं. एवढ्या वेळात वाक्य जुळत नाही, म्हणून समोरचा बोलत असतानाच आपण उत्तर तयार करत असतो. ऐकणं आणि जुळवणं एकाच वेळी करणं लहान मुलाला जड जातं. "भूक लागली का रं? चपाती खातोस? का भात कालवू? दूध देऊ?" असे प्रश्न एका दमात आले, की चौथा प्रश्न येईपर्यंत तो पहिल्याचंच उत्तर शोधत असतो. मग आपणच म्हणतो, हा काही बोलतच नाही.

मुलाच्या कानावर किती शब्द पडतात, यावरच बरीच वर्षं भर होता. १९९५ मध्ये बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली यांनी अमेरिकेतल्या ४२ कुटुंबांच्या नोंदींवरून अंदाज बांधला, की गरीब आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांत चार वर्षांपर्यंत तीन कोटी शब्दांचा फरक पडतो. आकडा गाजला, गरीब आईबापांवर ठपका बसला. पुढं त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती, कारण घरातल्या इतरांचं, मुलासमोर आपापसांत चाललेलं बोलणं त्यात नीट धरलंच नव्हतं. मंगळवार पेठेतल्या एखाद्या एकत्र कुटुंबातलं पोर काकी, आजोबा, चुलतभावंडं आणि दारात उभी राहिलेली शेजारीण या सगळ्यांचं ऐकत वाढतं. दोन वर्षांची मुलं असं दुसऱ्यांचं बोलणं ऐकूनही नवे शब्द शिकू शकतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे.

२०१८ मध्ये रॅचेल रोमिओ आणि सहकाऱ्यांनी चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या घरातलं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि गोष्ट ऐकताना त्यांचा मेंदू स्कॅन केला. ज्या मुलांशी बोलण्याच्या आलटूनपालटून फेऱ्या जास्त झाल्या होत्या, त्यांच्या मेंदूतला ब्रोका हा भाषेशी निगडित भाग गोष्ट ऐकताना जास्त सक्रिय दिसला. आईबापांचं उत्पन्न, शिक्षण आणि मोठ्यांनी उच्चारलेले एकूण शब्द हिशेबात धरूनही हा संबंध टिकला. एकामुळंच दुसरं घडलं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरी मला या फेऱ्या शब्दांच्या आकड्यापेक्षा फार महत्त्वाच्या वाटतात, कारण त्यांना पैसा लागत नाही आणि शाळा शिकलेलं असावं लागत नाही.

गवार मोडतानाही त्या होतात. फक्त प्रश्न परीक्षेचा नको. "ह्यो रंग कुठला?" याचं उत्तर आईला ठाऊक आहे, हे पोरालाही कळतं. त्यापेक्षा "काल जोतिबाला काय काय बघितलंस?" असं विचारलं की ते म्हणतं, "गुलाल." "व्हय, लई गुलाल. कुणाच्या डोक्यावर पडला?" "आबाच्या!" रॉबिन फिवुश आणि इलेन रीस यांनी आई आणि मुलं मिळून जुन्या गोष्टी कशा आठवतात, याचा अनेक वर्षं अभ्यास केला. मुलाच्या उत्तरात अशी थोडी भर घालून पुढचा प्रश्न विचारणाऱ्या आयांची मुलं पुढं स्वतःच्या आठवणी अधिक बारकाव्यांनी सांगतात, असं त्यांना आढळलं.