बोटीवरचा उकाडा आणि तीन वॅटचा पंखा

चहूबाजूंनी पाणी असताना उकडतं कसं, हा प्रश्न बोटीवर कधी न झोपलेल्या माणसालाच पडतो. दिवसभर उन्हात तापलेल्या लहान बोटीच्या केबिनमध्ये रात्री शिरावं, तर छत अजून गरम असतं, वारा पडलेला असतो आणि हवेत इतकी वाफ असते की घाम वाळायचं नाव घेत नाही. धक्क्याला बांधलेल्या बोटीला बंदराची वीज मिळते, तिथे एसी लावता येतो. समुद्रात नांगर टाकून उभं राहायचं असेल, तर बॅटरीत जेवढी वीज साठलीय तेवढ्यातच रात्र काढायची.

हिशेब मांडून पाहू. लहानातला लहान एसीसुद्धा साधारण ४५० ते ५०० वॅट वीज घेतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टर लावून तो चालवायचा, तर ४० ते ४५ अँपिअर प्रवाह लागेल. १०० अँपिअर-तासांची (म्हणजे एक अँपिअर प्रवाह शंभर तास पुरवेल एवढी) लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, त्यामुळे वापरायला मिळतात फक्त ५० अँपिअर-तास. ते तासाभरात संपले. याउलट ३ वॅटचा छोटा पंखा त्याच बॅटरीतून पाव अँपिअर घेतो. आठ तासांच्या झोपेला लागले २ अँपिअर-तास. दोघांना दोन पंखे धरा, चार झाले. १०० वॅटचं एक सौर पॅनल चांगल्या उन्हाच्या दिवशी २५ ते ३० अँपिअर-तास भरून देतं, तेव्हा पंख्याचा खर्च त्यात सहज निघतो.

इतका फरक पडतो, कारण दोघांचं काम वेगळं आहे. एसी अख्खी केबिन थंड करायला निघतो, तीही पातळ छताची, दिवसभर ऊन पिऊन बसलेली केबिन. पंखा हवा थंड करतच नाही. उलट त्याने घेतलेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन केबिनमध्येच राहते. पण थंड व्हायचंय ते माणसाला, केबिनला नव्हे. झोपलेलं शरीर सत्तर-ऐंशी वॅट उष्णता बाहेर टाकत असतं. वारा नसेल तर त्वचेला लागून काही मिलिमीटर जाडीचा गरम, दमट हवेचा थर साचतो. शरीराची उष्णता आणि घामाची वाफ त्याच थरातून वाट काढत जाते. पंख्याने एवढा थर उडवून लावला तरी पुरे.

किती वारा लागतो? याची मोजमापं झालेली आहेत. स्थिर हवेत त्वचेच्या दर चौरस मीटरमागे, तापमानातल्या दर अंशाच्या फरकाला, सुमारे ३ वॅट उष्णता हवेत जाते. सेकंदाला १ मीटर वेगाचा वारा लागला की हा आकडा ८ च्या पुढे जातो, २ मीटरला साडेबाराच्या आसपास. पहिल्या मीटरने जवळजवळ तिपटीचा फायदा दिला, दुसऱ्याने दीडपटीचा. खर्च मात्र उलट्या दिशेने चढतो. पात्यांचा वेग दुप्पट केला की वारा दुप्पट होतो, पण लागणारी शक्ती आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. म्हणून पंखा निम्म्या वेगावर आणला तर पात्यांना लागणारी शक्ती एक अष्टमांश उरते. मोटारीतली गळती धरता प्रत्यक्षातली बचत थोडी कमी होते, तरी बॅटरीला ती जाणवते. आवाजही इतका खाली येतो की झोपेला त्रास होत नाही. माझं मत विचाराल तर, ‘टर्बो’चं बटण असलेल्या पंख्यापेक्षा अगदी हळू फिरू शकणारा पंखा निवडावा.

त्याच कारणाने मोठी पाती फायद्याची. तेवढीच हवा दुप्पट व्यासाच्या पंख्याने हलवायची, तर सिद्धान्ताप्रमाणे शक्ती सोळाव्या भागाइतकीच लागते. केबिनमध्ये जागेची मारामार असते हे खरं, पण डोकं आपटणार नसेल तर मोठा आणि मंद पंखा केव्हाही सरस. १५ सेंटिमीटरच्या पंख्यातून सेकंदाला अडीच मीटर वेगाने हवा निघते, तेव्हा त्या वाऱ्याच्या गतीत फक्त ०.१७ वॅटच्या आसपास शक्ती असते. बॅटरीतून ३ वॅट घेणाऱ्या पंख्याची उरलेली वीज मोटारीच्या वेटोळ्यांत, घर्षणात आणि भोवऱ्यांत जाते. चांगली मोटार आणि नीट वळण दिलेली पाती यांना महत्त्व आहे ते यासाठी. कार्बनचे ब्रश (फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे तुकडे) असलेल्या जुन्या धाटणीच्या मोटारी ब्रश झिजवतात, ठिणग्या पाडतात आणि रेडिओवर खरखर आणतात. संगणकातल्या पंख्यासारखी ब्रश नसलेली डीसी मोटार कमी विजेत चालते आणि टिकतेही जास्त.

आता दमटपणाकडे वळू, कारण समुद्रावरची खरी अडचण तापमानाची नसून वाफेची असते. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेलगत वाफेचा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. ३० अंशांच्या, ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत तो ३.४ असतो. घाम वाळतो तो या दोन किलोपास्कलच्या फरकावर. ४० अंशांच्या कोरड्या हवेत आर्द्रता २० टक्के असेल, तर हवेतला दाब दीडच्या आसपास आणि फरक चारच्या वर जातो. म्हणून वाळवंटात घाम दिसतही नाही आणि बोटीत निथळतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता नेतो, पण वाळला तरच. टपकलेला घाम वाया गेला. कूलर इथे कुचकामी ठरतो तो याच कारणाने, आधीच भरलेल्या हवेत तो आणखी वाफ घालतो.

यात भर म्हणजे मीठ. समुद्रात डुंबून तसंच अंथरुणावर पडलं की रात्रभर चिकचिक सुटत नाही, आणि त्याला भौतिक कारण आहे. मिठाच्या संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही अशा) द्रावणाभोवतीची हवा ७५ टक्के आर्द्रतेवर समतोलात असते. हवेतली आर्द्रता त्याच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून घेतं आणि स्वतः विरघळतं. अंगावर सुकलेलं मीठ, उशीच्या अभ्र्यात मुरलेलं मीठ, गादीतलं मीठ, सगळं रात्री आर्द्रता वाढली की ओलं होतं. पंखा कितीही जोरात लावा, ७५ टक्क्यांच्या वरच्या हवेत ते वाळणार नाही. घामातही मीठ असतंच, त्यात समुद्राचं कशाला घालायचं? झोपण्यापूर्वी तांब्याभर गोड्या पाण्याने अंग धुऊन पंख्यासमोर बसलं, की तोच पंखा दुप्पट चांगला वाटायला लागतो. बोटीवर गोडं पाणी जपून वापरायचं असतं, पण इथे ते सार्थकी लागतं. मिठात भिजलेली चादर उन्हात वाळवून भागत नाही, ती गोड्या पाण्यात खळबळूनच काढावी लागते.

पंखा कुठे लावावा, यात फुंकर आणि ओढ यांतला फरक कळला पाहिजे. मेणबत्ती फुंकून विझते, हवा तोंडात ओढून विझत नाही. फुंकलेली हवा झोत बनून एका दिशेला जाते, ओढलेली मात्र सगळीकडून थोडी थोडी येते. म्हणून केबिनमधली हवा बाहेर फेकणारा पंखा कोंदटपणा घालवतो, पण झोपलेल्याच्या अंगाला वारा लागू देत नाही. अंगासाठी पंखा अंगाकडेच तोंड करून हवा. झोताचा जोर पात्याच्या व्यासाच्या जेमतेम चार-पाच पट अंतरापर्यंत टिकतो, पुढे तो अंतराच्या प्रमाणात विरतो. १५ सेंटिमीटरचा पंखा म्हणूनच हात-दीड हातावर असावा, केबिनच्या पलीकडच्या भिंतीवर नको. मच्छरदाणी असेल तर पंखा आत घ्या. लहान पंख्याला जाळीपलीकडे हवा ढकलण्याइतका दाब निर्माण करता येत नाही, बाहेर ठेवला तर जाळी नुसती फुगते.

बोटीवरची एक खास काळजी पंख्याच्या मोटारीतल्या चुंबकाची. सुकाणूजवळच्या होकायंत्रापाशी पंखा अडकवला, तर काटा काही अंशांनी फिरू शकतो, आणि स्वयंचलित सुकाणूचा चुंबकीय संवेदक जवळ असेल तर तोही फसतो. पंखा जवळ नेऊन आणि दूर करून काटा हलतो का, एवढं बघितलं की झालं.

पॉवर बँकेवर चालणाऱ्या पंख्यांबद्दल थोडक्यात. २०,००० मिलीअँपिअर-तास हा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे ७४ वॅट-तास. ५ व्होल्टला चढवताना काही गळती होते, हाती साठ-पासष्ट येतात. अडीच वॅटचा पंखा त्यावर जवळपास २४ तास चालतो. पॉवर बँक उन्हात तापलेल्या डेकवर चार्जिंगला लावू नका, लिथियम सेलना ४५ अंशांच्या वर चार्ज होणं मानवत नाही.

हे सगळं करूनही तापलेल्या छतापुढे पंखा हतबल असतो. छत उष्णता किरणांच्या रूपाने खाली टाकतं आणि वारा किरणांना अडवत नाही. भर दुपारी दर चौरस मीटरवर हजार वॅटपर्यंत ऊन पडतं. चार चौरस मीटर डेकवर हातभर उंच कापड ताणलं की आत येऊ पाहणारे कित्येक शे वॅट बाहेरच राहतात. काचेच्या झडपांवरचा पडदाही बाहेरून लावावा. ऊन आत आल्यावर पडदा ओढून काय उपयोग! नांगरावरची बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणून पुढच्या टोकाच्या झडपेवर कापडाची झोळी उभी केली की वारा थेट आत शिरतो. शिडाच्या जहाजांवर हीच युक्ती कापडी नळ्यांनी करत. १७४० च्या दशकात स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरू-शास्त्रज्ञाने जहाजाच्या पोटातली कोंदट हवा काढायला हाताने चालवायचे मोठे भाते सुचवले. १९३० साली बांधलेल्या ‘डोराड’ या शर्यतीच्या बोटीवरून नाव पडलेली पेटी आजही अनेक डेकवर दिसते. तिच्यातून हवा आत जाते आणि लाटेचं पाणी बाजूला वाहून जातं.

साध्या पंख्याने करू नयेत अशीही कामं आहेत. पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यातली वाफ किंवा तळाशी साचलेला स्वयंपाकाचा गॅस काढायला ठिणगीपासून सुरक्षित असा खास ब्लोअरच लागतो. जनरेटर चालू असताना पंख्याने बाहेरची हवा आत ओढू नये, धुरातला कार्बन मोनॉक्साइड सोबत येतो. आणि हवा त्वचेपेक्षा गरम झाली, की पंखा उष्णता अंगात ढकलू लागतो; ४० अंशांच्या वर तर घामाचा गारवाही त्यापुढे कमी पडू शकतो. त्या तापमानाला जागतिक आरोग्य संघटनाही पंख्यावर विसंबू नका म्हणून सांगते. ज्येष्ठांना घाम कमी येतो, त्यांच्या बाबतीत तर आधीपासूनच सांभाळावं. कापड ओलं करून अंगावर घ्यावं, पाणी पीत राहावं आणि ऊन उतरेपर्यंत पाण्याच्या पातळीखालच्या बंकवर (झोपायच्या फळीवर) पडून राहावं. तिथली बोटीची भिंत समुद्राच्याच तापमानाला असते.