चे गव्हेरा: सेनानी म्हणून पारख

क्यूबाच्या क्रांतीत लढलेला अर्जेंटिनी क्रांतिकारक चे गव्हेरा याच्या लष्करी कौशल्यावरचा वाद फिरून फिरून दोन वर्षांवर येतो. चाहते क्यूबातल्या विजयाचे 1958 पुढे करतात, टीकाकार बोलिव्हियात तो मारला गेला ते 1967.

1958 च्या बाजूने बोलण्यासारखे खूप आहे. ऑगस्टच्या शेवटी सुमारे 140 माणसे घेऊन तो पूर्व क्यूबातल्या सिएरा माएस्त्रा डोंगरातून निघाला. दलदल तुडवत, फुटक्या पायांनी, उपाशीतापाशी ही तुकडी दीड महिन्याने मध्य क्यूबातल्या एस्काम्ब्राय डोंगरात पोचली. डिसेंबरअखेर सांता क्लारा शहरात सरकारी सैन्याची चिलखती रेल्वेगाडी अडवण्यासाठी विद्यापीठाच्या कृषी विभागातला बुलडोझर आणून रूळ उखडले. डबे घसरल्यावर पेट्रोलबॉम्ब पडू लागले, पत्रा तापला आणि आतल्या सैनिकांनी शरणागती पत्करली. अधिकारी आधीच फितले होते, असेही म्हणतात. तसे असले तरी शहरात काही हजार सैनिक असताना तीन-साडेतीनशे माणसांनिशी आत घुसायला छाती आणि हिशेब दोन्ही लागतात.

मात्र तिथे त्याच्या पाठीशी डोंगरातला पक्का तळ होता, शहरांतले भूमिगत जाळे होते आणि एकूण मोहीम आखणारा वरिष्ठ, फिडेल कॅस्ट्रो, होता. यातले काहीच नसताना तो काय करतो, हे काँगोत (1965) दिसले. तिथल्या अपयशाची कबुली त्याने स्वतःच दिली आहे.

मराठीत आपण या युद्धाला सरसकट ‘गनिमी कावा’ म्हणतो, आणि तिथेच पारख जरा चुकते. आपला शब्द काव्यावर, म्हणजे हुलकावणीवर, जोर देतो. मूळ स्पॅनिश ‘गेरिला’ या शब्दाचा अर्थ नुसता ‘छोटे युद्ध’. त्यात छापा येतो, तसे धान्य, वाटाड्या, औषध आणि चुकामूक झाल्यावर भेटायची जागाही येते. छापे बोलिव्हियातही साधले होते. मार्च 1967 मधला पहिला सापळा अचूक होता. घात झाला तो बाकीच्या गोष्टींत.

17 एप्रिलचा निर्णय माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. दोन परदेशी पाहुण्यांना जंगलाबाहेर काढायचे होते. पिछाडीत काही जण आजारी होते. गव्हेराने पिछाडीला मागे ठेवले, तीन दिवस वाट पाहायला सांगितले; त्यानंतरही याच भागात राहा, समोरासमोर लढू नका, असा हुकूम दिला. आजाऱ्यांना ओढत नेऊन सगळ्यांचाच वेग मारण्यापेक्षा हे बरे, असे त्याचे समर्थक म्हणतात. तेवढ्यापुरते ते बरोबरच आहे. पण दोन्ही गटांत बिनतारी संपर्क नव्हता. फौज मध्ये आली तर पुढची भेट कुठे आणि कोणामार्फत, हेही ठरले नव्हते. आधीच पन्नासच्या आसपास असलेले दल असे दुभंगले ते कायमचे. पाहुणे तीनच दिवसांत पकडले गेले. पुढचे चार महिने दोन्ही गट एकमेकांना शोधत, अनेकदा फार दूर नसताना, भटकत राहिले.

शेतकऱ्यांतून एकही माणूस दलात आला नाही. डायरीतल्या महिनाअखेरीच्या नोंदींत गव्हेरा हे पुन्हा पुन्हा लिहितो. मतदानाने आलेले सरकार असेल, मग ते मतदान लबाडीचे का असेना, तर तिथे सशस्त्र उठाव रुजत नाही, हे 1960 साली त्यानेच लिहिले होते. बोलिव्हियात 1966 मध्ये निवडणूक झाली होती आणि 1953 पासून जमीनवाटपही झाले होते. त्याच्या कौशल्यावरचा माझा मोठा आक्षेप हाच. नियम त्याला ठाऊक होता, आणि त्याने तो बाजूला ठेवला.

31 ऑगस्टला एका ओळखीच्या शेतकऱ्याने पिछाडीला नदीच्या उतारावर आणले. काठावर सैनिक दबा धरून होते; पिछाडी तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गव्हेराची तुकडी त्याच शेतकऱ्याच्या घरी पोचली. घर रिकामे होते, बाजूला सैन्यासाठी उभारलेल्या झोपड्या ओस पडल्या होत्या. पीठ, चरबी, मीठ आणि शेळ्या सापडल्या. दोन शेळ्या कापून सगळे पोटभर जेवले. 2 सप्टेंबरला रेडिओवर दहा जणांचा गट संपल्याची बातमी आली. स्थानिक केंद्रे त्याबद्दल काहीच बोलत नव्हती, म्हणून गव्हेराचा त्या बातमीवर विश्वास बसला नाही.