सिंकचे गुण: संगीतबद्ध आतषबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांची पार्श्वभूमी

आतषबाजीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा निकाल लागला की वाद ठरलेला. तो रंगांवरून फारसा होत नाही, दारूगोळ्याच्या दर्जावरूनही नाही. होतो तो ‘सिंक’वरून, म्हणजे आकाशातला प्रकाश आणि स्पीकरमधला ठेका किती नेमके जुळले यावरून. परीक्षकांच्या कागदावर कल्पना, मालाची प्रत, संगीताची निवड यांच्या शेजारी मेळाचाही स्वतंत्र रकाना असतो आणि एखादा संघ त्याच रकान्यात मागे पडतो. हा रकाना आज स्वाभाविक वाटतो. प्रत्यक्षात तो बराच अलीकडचा आहे आणि त्याने दारूकामाचे रूपच बदलून टाकले.

संगीत आणि दारूकाम यांच्या जोडीचा विषय निघाला की सगळे लंडनच्या ग्रीन पार्ककडे बोट दाखवतात. २७ एप्रिल १७४९ रोजी तिथे युद्धसमाप्तीच्या तहाचा सोहळा झाला. राजाला तंतुवाद्ये नको होती, फक्त लष्करी थाटाची वाद्ये हवी होती. संगीतकार हँडेलला व्हायोलिने हवी होती. शेवटी २४ ओबो, १२ बसून, ९ ट्रंपेट, ९ हॉर्न आणि नगारे असा ताफा ठरला. आठवडाभर आधी झालेल्या रंगीत तालमीला एवढी गर्दी लोटली की लंडन ब्रिजवर घोडागाड्या कित्येक तास अडकून पडल्या. प्रत्यक्ष कार्यक्रमात पाऊस आला, दारू दमट झाली आणि लाकडी मंडपाचा एक भाग पेटला. पण या सोहळ्याला आजच्या स्पर्धांचा पूर्वज म्हणणे जरा सैलच आहे. तिथे संगीत मुख्यतः आधी वाजले, दारूकाम नंतर झाले. दोन्ही एका कार्यक्रमात होते, एका तालात नव्हते. ठेक्यावर गोळा फोडण्याचे साधनच त्या काळी नव्हते. हातात पलिता, नळकांड्यात वात, आणि वात जळेल तेव्हा जळेल.

पुढच्या शतकात पोटॅशियम क्लोरेट हाताशी आले आणि रंग उघडले. स्ट्रॉन्शियमचा लाल, बेरियमचा हिरवा, तांब्याचा निळा. निळा आजही सगळ्यांत अवघड, कारण ज्योत जास्त तापली की तांब्याचे संयुग मोडते आणि रंग फिका पडतो. रंग आल्यावर दारूकाम हे ‘पाहण्याचे’ प्रकरण झाले आणि संगीत दीडशे वर्षे बाजूच्या बँडपुरते उरले.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या स्पर्धांतही संगीत गृहीत धरलेले नव्हते. स्पेनच्या सान सेबास्तियानची स्पर्धा १९६४ पासूनची, आणि ती मुळात संगीताशिवायची. तिथल्या रसिकांच्या मते गोळ्यांचा क्रम, मधली शांतता आणि स्फोटांची चढती गती हेच संगीत. स्पेनच्याच व्हॅलेन्सियात मार्चमध्ये भर दुपारी दोन वाजता नुसत्या आवाजाचे दारूकाम होते. उन्हात दिसायला धुराशिवाय काही नसते, आणि तरीही हजारो लोक तालासाठी जमतात. त्यामुळे ‘संगीताशिवाय आतषबाजी म्हणजे मूकपट’ असे कोणी म्हणाले की मला हे दुपारचे लोक आठवतात. फ्रान्सच्या कान शहरात १९६७ पासून समुद्रातल्या तराफ्यांवरून स्पर्धा होऊ लागली आणि भूमध्य किनाऱ्यावरच्या अशा उन्हाळी स्पर्धांत पुढे संगीत रुळले. अमेरिकेत १९७४ साली बॉस्टनच्या नदीकाठी ४ जुलैला ऑर्केस्ट्रा, तोफा, चर्चच्या घंटा आणि आतषबाजी असा संगम झाला. शेवटच्या तोफांसोबत आकाश फुटणे ही कल्पना त्यानंतर सर्वसामान्यांच्या डोक्यात पक्की बसली.

स्पर्धेला आजचे रूप मात्र कॅनडात आले. मॉन्ट्रियलच्या सेंट हेलेन बेटावर १९६७ च्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेले करमणूक उद्यान होते. १९८५ साली तिथल्या तळ्याकाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली. एका संध्याकाळी एकच देश, साधारण अर्ध्या तासाचा सलग प्रयोग, आणि संगीत पहिल्यापासून शेवटपर्यंत. हंगाम उन्हाळाभर चालतो, त्यामुळे प्रेक्षक तुलना करायला शिकले. मागच्या आठवड्यात इटलीने काय केले, या आठवड्यात जपानने काय केले, हे बसमध्ये बोलले जाऊ लागले. १९९० मध्ये व्हँकुव्हरच्या इंग्लिश बेमध्ये त्याच धर्तीची स्पर्धा आली. तिथे दारूकाम पाण्यातल्या तराफ्यावरून आणि प्रेक्षक वाळूवर.

या दोन्ही स्पर्धांना पैसा होता एका सिगारेट कंपनीचा, आणि तिच्या ब्रँडचे नाव स्पर्धेच्या नावातच होते. १९९७ च्या कॅनडातील तंबाखू कायद्याने अशा प्रायोजकत्वाला आधी मर्यादा घातल्या आणि २००३ पर्यंत ते पूर्ण बंद केले. व्हँकुव्हरमध्ये २००० नंतर स्पर्धा राहते की जाते असा प्रश्न पडला. नवे नाव, नवे प्रायोजक आणि लोकांनी दिलेल्या देणग्या यांवर ती तगली. मॉन्ट्रियलमध्ये सरकारी लॉटरी पुढे आली. धूर विकणाऱ्यांच्या पैशाने आकाशात धूर, यावर तेव्हा बरेच विनोद झाले. पण दीर्घ संगीतबद्ध प्रयोग, देशोदेशीचे संघ आणि मेहनतीने जमवलेली नेपथ्यरचना परवडली ती त्याच पैशामुळे, हेही नाकारता येत नाही.

आता त्या रकान्याकडे. ठेक्यावर फोडायचे तर आधी ठेका पकडणारे यंत्र हवे. ऐंशीच्या दशकापर्यंत पद्धत अशी होती: लाकडी फळीवर ओळीने ठोकलेले खिळे, प्रत्येक खिळ्याला एका इलेक्ट्रिक मॅचची (विजेच्या झटक्याने पेटणाऱ्या काडीची) तार, आणि हातात बॅटरीला जोडलेला धातूचा दांडा. एक जण हेडफोन लावून संगीत ऐकायचा आणि आकडा पुकारायचा. दुसरा त्या खिळ्याला दांडा लावायचा. चांगले कारागीर यातूनही चमत्कार करत, पण माणसाचा कान, तोंड आणि हात यांच्यात अर्धा सेकंद सहज जातो. ऐंशीच्या दशकात संगणकावर चालणाऱ्या फायरिंग सिस्टीम आल्या. टेपच्या एका बाजूला संगीत, दुसऱ्या बाजूला टाइमकोड, म्हणजे वेळ मोजणारा संकेत, सेकंदाचे ३० भाग. संगीत जिथे असेल तिथेच यंत्र असणार. हाताची चूक निघून गेली, आणि मग लक्षात आले की खरी चूक हाताची नव्हतीच.

चूक गोळ्याची होती. सहा इंची शेल, म्हणजे उंच जाऊन फुटणारा गोळा, नळकांड्यातून सुटल्यापासून फुटेपर्यंत साधारण चार ते पाच सेकंद घेतो. ही वेळ आतल्या वातीवर ठरते, आणि वात माणसाने बनवलेली असते. एकाच पेटीतले दोन शेल पाव सेकंदाने मागेपुढे फुटले तर कारखान्याला कोणी दोष देत नाही. पण मिनिटाला १२० ठेक्यांच्या गाण्यात दोन ठेक्यांमधले अंतर अर्धा सेकंद असते. म्हणजे पाव सेकंदाने चुकलेला शेल बरोबर दोन ठेक्यांच्या मधोमध फुटतो, जिथे तो सगळ्यात बेताल दिसतो. यंत्र हजारावा भाग मोजू लागले तरी ही गोष्ट बदलली नाही.

यावर डिझायनरांनी उपाय शोधला. शेलऐवजी कॉमेट (शेपटीसारखी रेघ ओढत जाणारा), माइन (नळीच्या तोंडातून ठिणग्यांचा झोत उडवणारा) आणि सिंगल शॉट (एकेक सुटणारी छोटी नळी) वापरायचे. यांचा प्रकाश नळीच्या तोंडापासूनच सुरू होतो, म्हणजे विजेचा झटका आणि प्रकाश यांत डोळ्याला कळेल असे अंतर उरत नाही. शिवाय ते छोटे असतात, सुरक्षित अंतर कमी लागते, त्यामुळे तळ्याच्या किंवा तराफ्याच्या काठाने डझनावारी जागी मांडता येतात. ड्रमच्या प्रत्येक फटक्याला डावीकडून उजवीकडे धावणारी रेघ, पियानोच्या एकेका सुराला एकेक ठिणगी, हे सगळे नव्वदीच्या उत्तरार्धात आणि नंतर सरसकट दिसू लागले. परीक्षकांच्या सिंकच्या रकान्यात गुण वाढले. आणि आतषबाजी आकाशातून खाली आली.

हे मी तक्रारीच्या सुरात लिहितोय हे मान्य. आठ-दहा इंची शेल फुटल्यावर सोनेरी धागे जे सावकाश खाली झुकतात, त्यांना ठेका नसतोच. त्यांना वेळ हवा असतो. सिंकला वेगळे गुण दिले की डिझायनर अशा शेलला फक्त संथ गाण्याच्या शेवटी जागा देतो, कारण मधे कुठेही तो ‘चुकतो’. काही संघांनी संगीताची निवडच त्याप्रमाणे केली: चित्रपटांचे पार्श्वसंगीत, ज्यात लांब स्वर असतात आणि मधेच धडाड्‌धूम. दरवर्षी त्याच प्रकारचे संगीत ऐकू येते, ते केवळ अभिरुचीमुळे नाही; गुणपत्रकाचे गणितही त्यामागे आहे.

दुसऱ्या बाजूचा मुद्दाही हलका नाही. सिंकला गुण नसते तर संगीत पुन्हा मागे वाजणारा बँड झाले असते. ज्यांनी टाइमकोडवर महिनोन्‌महिने बसून प्रत्येक क्यू, म्हणजे कोणत्या क्षणी काय फुटणार ते, लिहिला त्यांच्यात आणि ज्यांनी गाणे लावून वर गोळे सोडले त्यांच्यात फरक करायचा कसा, हा प्रश्न खरा आहे. जर्मनीत हानोव्हरच्या हेरेनहाउझेन उद्यानात १९९१ पासून होणाऱ्या स्पर्धेने यावर वेगळा तोडगा काढला. प्रत्येक संघाला एक ठरावीक संगीत सक्तीचे, बाकी संगीत स्वतःच्या पसंतीचे. एकाच सुरावटीवर वेगवेगळे देश काय करतात हे शेजारी ठेवून पाहता येते, आणि मेळ म्हणजे प्रत्येक ठेक्याला ठिणगी की स्वरभावाला साजेसा रंग, याचे उत्तर आकाशातच मिळते. तिथल्या सक्तीच्या भागात एखादा संघ जवळजवळ काहीच न फोडता थांबतो आणि शेवटी एकच मोठा शेल सोडतो, असे धाडस करायला वाव राहतो.

परीक्षक कोण, हा त्याच वादाचा दुसरा पदर. मॉन्ट्रियलमध्ये परीक्षक सर्वसामान्य नागरिकांतून निवडले जातात. इतर अनेक ठिकाणी दारूकामाचे जाणकार, संगीतकार, कलाशिक्षक बसतात. जाणकारांचे म्हणणे असे की सामान्य माणूस निळ्याची शुद्धता ओळखत नाही, तो फक्त ठेका आणि शेवटचा भडिमार मोजतो. यात तथ्य आहे, पण अर्धेच. ठेका चुकला हे कळायला रसायनशास्त्र लागत नाही, आणि दारूकाम शेवटी तज्ज्ञांसाठी नसतेच. जाणकारांच्या समितीत उलट भीती असते ती एकाच घराण्याच्या शैलीला झुकते माप मिळण्याची.

परीक्षक कुठे बसतात यावरही बरेच अवलंबून. प्रकाश लगेच पोचतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरने येतो. स्पीकर प्रेक्षकांजवळ असतात, शेल तीनशे-चारशे मीटरवर. त्यामुळे ठेका आणि प्रकाश जुळले तरी धमाका एक सेकंदाने मागून येतो. हुशार डिझायनर या उशिरा येणाऱ्या आवाजालाही पुढच्या ठेक्यावर बसवतो. पण ते फक्त मुख्य मंचासाठी. बाजूच्या काठावर बसलेल्याला तोच प्रयोग थोडा विस्कटलेला ऐकू येतो, आणि वर्तमानपत्राला पत्र तोच लिहितो.

पाऊस हा आणखी एक न लिहिलेला परीक्षक. नळकांड्यांची तोंडे अॅल्युमिनियमच्या कागदाने झाकतात, पाण्यासाठी आणि शेजारच्या ठिणगीने आपोआप पेटू नये म्हणूनही. शेल कागद फाडून निघतो. रात्री मांडणी उलगडताना तळ्याकाठी त्या चंदेरी चिंध्यांचा खच पडलेला असतो. एखादी तार ओली होऊन एक रांग गेली तर संगणक पुढे निघून जातो; यंत्राला चूक समजत नाही. खिळ्यांच्या फळीवरचा माणूस अशा वेळी दुसऱ्या खिळ्याला दांडा लावून वेळ सावरायचा.

आशियाचा भाग मागाहून आला, पण वेगाने. मकाऊची स्पर्धा १९८९ पासून आहे. व्हिएतनामच्या दा नांगमध्ये २००८ पासून हान नदीवर आणि फिलिपिन्समध्ये मनिलाच्या किनाऱ्यावर २०१० पासून संगीतबद्ध स्पर्धा होऊ लागल्या. जपानच्या ओमागारीतली स्पर्धा तर १९१० पासूनची, पण ती देशांतर्गत; तिथे गोळा बनवणारा कारागीरच स्वतः तो सोडतो आणि वैयक्तिक गोळ्याचे सौंदर्य अजूनही स्वतंत्रपणे तपासले जाते. अशा वातावरणातून आलेले जपानी कारागीर मॉन्ट्रियलला उतरतात तेव्हा त्यांचे शेल वाखाणले जातात आणि ठेक्यावर मात्र शेरे बसतात. याच तफावतीमुळे आंतरराष्ट्रीय निकाल आणि कारागिरांची आपसातली प्रतवारी अनेकदा जुळत नाही.

गेल्या काही वर्षांत चर्चा धुरावर आणि पाण्यात उतरणाऱ्या परक्लोरेटवर (दारूतल्या एका रसायनावर) सरकली आहे. ड्रोनचे थवेही काही प्रयोगांत येऊ लागले आहेत. ड्रोन ठेका कधीच चुकवत नाहीत, त्यामुळे त्यांना सिंकचे गुण द्यायचे कशाबद्दल, हा प्रश्न नियमावली लिहिणाऱ्यांपुढे आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे मॉन्ट्रियलचा हंगाम झालाच नाही.

ध्वनीचा जुना प्रश्नही नव्या रूपात परतला. मॉन्ट्रियलमध्ये जाक कार्तिए पूल प्रयोगाच्या रात्री वाहनांना बंद करतात आणि हजारो लोक तिथून फुकट पाहतात. संगीत ते रेडिओवर ऐकतात. एफएमवर लहर लगेच पोचते, म्हणून प्रकाशाशी मेळ राहतो. फोनवरच्या इंटरनेट प्रक्षेपणात मात्र आवाज कित्येक सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे पडतो. एका सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत जुळवलेला प्रयोग त्या प्रेक्षकाला एक गाणे मागे दिसतो. पुलावर जाणाऱ्याने म्हणूनच खिशात साधा रेडिओ ठेवलेला बरा.